‘लिंकचा ग्रुप बदलला’ म्हणजे नक्की कोणाचा?

प्रश्न : लिनक्समध्ये ‘सिम्बॉलिक लिंकचा ग्रुप बदलला’ असं म्हणणं बरोबर आहे का? आणि ‘सिम्बॉलिक’ला ‘प्रतीकात्मक’ म्हणावं का?

उत्तर : वाक्य व्याकरणात बसतं, पण बहुतेक वेळा खोटं असतं. ‘सीएचजीआरपी’ला, म्हणजे फाइलीचा ग्रुप (तिच्यावर हक्क असलेला वापरकर्त्यांचा गट) बदलणाऱ्या आज्ञेला, नुसतं लिंकचं नाव दिलं, तर ती आज्ञा लिंकला हातही लावत नाही, लिंक जिकडे बोट दाखवते त्या फाइलीचा ग्रुप बदलते. फाइलींची तपशीलवार यादी देणारं ‘एलएस -एल’ मात्र लिंकचा जुनाच ग्रुप दाखवत राहतं आणि लोक तीच आज्ञा सुडो (म्हणजे प्रशासकाचे अधिकार) लावून पुन्हा ठोकतात. खुद्द लिंकचा ग्रुप बदलायला छोट्या लिपीतला ‘-एच’ हा पर्याय लागतो. तेव्हा ‘लिंकचा’ ही षष्ठी ‘-एच’साठी राखून ठेवा, एरवी ‘लिंकवरून फाइलीचा ग्रुप बदलला’ म्हणा.

मोठ्या लिपीतला ‘-आर’ देऊन अख्ख्या फोल्डरवर आज्ञा चालवली की मामला उलटा होतो. आत सापडलेल्या लिंकांचा स्वतःचा ग्रुप बदलतो, पलीकडचं शाबूत राहतं. सोबत मोठा ‘-एल’ दिलात, तर आज्ञा वाटेतल्या प्रत्येक लिंकमधून पलीकडच्या फोल्डरांतही शिरते. नको त्या फाइलींचे ग्रुप बदलतात ते इथे.

आता ‘प्रतीकात्मक’. हा शब्द तेवढा नको! मराठीत प्रतीकात्मक उपोषण म्हणजे नावापुरतं उपोषण, आणि लिंक नावापुरती नसते. तिच्यावर लिहिलेलं थेट फाइलीत उतरतं. मुळात ग्रीक ‘सिम्बोलोन’ : ‘सिन्’ म्हणजे एकत्र, ‘बालेइन्’ म्हणजे टाकणे. एखादी वस्तू मोडून दोघांनी अर्धी अर्धी ठेवायची, पुढे कडा जुळवून ओळख पटवायची. म्हणजे आपली ‘खूण पटणे’च! म्हणून माझा शब्द ‘खूणदुवा’. लिंकमध्ये असतो फक्त पत्ता. ‘वही’ नावाच्या फाइलीकडे जाणारी लिंक ‘एलएस -एल’मध्ये ९ बाइटची दिसते, कारण व, ह आणि दीर्घ वेलांटी ही तीन चिन्हं यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट घेतात. हा झाला खुणेचा एक अर्धा. दुसरा अर्धा म्हणजे त्या नावाची फाइल. फाइल हलवली की खूण पटत नाही आणि नुसती ‘सीएचजीआरपी’ तक्रार करते. ‘-एच’ दिला तर मात्र अशा तुटक्या लिंकवरही चालते.

‘इथे सिम्बॉलिक म्हणजे इनोड क्रमांकाऐवजी (यंत्रणेने फाइलीला दिलेल्या अंतर्गत क्रमांकाऐवजी) नावाने दाखवणारी, एवढंच’ असं जाणकार बजावतात. बजावोत. १९८३च्या ‘४.२ बीएसडी’ या युनिक्सच्या आवृत्तीत ही सोय आणणाऱ्यांच्या मनात ग्रीक नसेलही. शब्दाला आपलं मूळ ठाऊक असायला त्यांची परवानगी लागत नाही.

राहता राहिला लिंकचा स्वतःचा ग्रुप. वाचता-लिहिता येईल की नाही, हे पलीकडच्या फाइलीचा ग्रुप ठरवतो, लिंकचा नाही. आणि फाइलीचा ग्रुप बदलायला तुम्ही रूट (म्हणजे यंत्रणेचे प्रशासक) नसाल, तर फाइल तुमची हवी आणि नव्या ग्रुपात तुम्ही हवेत. ग्रुपात आत्ताच नाव घातलं असेल तर पुन्हा लॉगिन करा. चालू सत्राला ते कळलेलं नसतं.