घन इंधनाच्या रॉकेटमध्ये बाइंडर म्हणून रबरच का? इपॉक्सी का चालत नाही?

इपॉक्सी लोखंडाला लोखंड चिकटवते, मग रॉकेटच्या इंधनाला का नको, असं तुम्ही विचारलंय. इथे नुसतं चिकटवून भागत नाही, म्हणून.

आमचा धंदा कुपवाड एमआयडीसीत पॉलियुरेथेनचे रोलर ओतण्याचा, रॉकेटशी थेट संबंध नाही. पण पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात १३८ टनांच्या आसपास जे घन इंधन असतं, त्यातला बाइंडर, म्हणजे भुकटी बांधून धरणारा पदार्थ, असतो एचटीपीबी नावाचं रबर, आणि तोही आमच्या पॉलियुरेथेनसारखाच आयसोसायनेट हे घट्ट करणारं रसायन घालून घट्ट करतात. म्हणजे रसायन आमच्याच घराण्यातलं.

या इंधनात वजनाने ८५ टक्क्यांच्या आसपास नुसती भुकटी असते: जळायला ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम पर्क्लोरेटचे स्फटिक आणि ॲल्युमिनियम. उरलेल्या थोड्याशा बाइंडरने ती सगळी धरून ठेवायची, वर स्वतःही इंधन म्हणून जळायचं. चिक्कीत पाक कडक झाला की ती कडकन मोडते. इपॉक्सीचं तेच होईल. आणि इथे मोडणं परवडत नाही. ज्वाला फक्त उघड्या पृष्ठभागावर जळते. तडा गेला की पृष्ठभाग वाढला, वायू वाढला, दाब वाढला आणि शेवटी केसिंग, म्हणजे बाहेरचं पोलादी कवच, फुटलं.

तडा जायला कारणंही भरपूर. इंधन केसिंगमध्येच गरम ठेवून घट्ट करतात. थंड होताना ते पोलादापेक्षा कितीतरी पट जास्त आकसतं, पण कडेला चिकटलेलं असल्यामुळे ताणलं जातं. पेटवल्यावर क्षणात दाब येतो, तेव्हा पुन्हा ताण. एचटीपीबी उणे ७० अंशांपर्यंतही काचेसारखं कडक होत नाही, त्यामुळे हे सगळं सोसतं. शिवाय मुळात ते पातळ असतं. एवढी भुकटी कालवूनही ओतता येतं, हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. १९४२ च्या सुमारास कॅल्टेकमध्ये जॅक पार्सन्सने चक्क डांबर वापरलं. ते उन्हात मऊ पडायचं, थंडीत तडकायचं. मग पॉलिसल्फाइड रबर आलं. स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये पीबीएएन नावाचं आणखी एक रबर होतं.

आमच्याकडे पावसाळ्यात एक डोकेदुखी असते. पॉलिऑलमध्ये (आयसोसायनेटशी जुळून पॉलियुरेथेन बनवणारा दुसरा द्रव) ओल राहिली की आयसोसायनेट पाण्याशी भिडतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. असा रोलर कापला की आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. आम्ही तो भंगारात टाकतो. रॉकेटच्या मोटरमध्ये प्रत्येक भोक म्हणजे जास्तीचा जळणारा पृष्ठभाग, म्हणून तिथे ओलीचा बंदोबस्त कडक असतो आणि नंतर एक्स-रे काढून तपासतात.

खरं इंधन घरी करायच्या भानगडीत पडू नका; ते जिवावर बेतणारं आणि बेकायदाही. फरकच बघायचा असेल तर बारीक, कोरडी वाळू घ्या. सारख्याच प्रमाणात एकदा इपॉक्सीत, एकदा मऊ पॉलियुरेथेनमध्ये कालवा, पट्ट्या ओता आणि घट्ट झाल्यावर वाकवून बघा.