वडील ७८ वर्षांचे, कोल्हापुरात ॲडमिट आहेत. औषधांची गफलत टाळायला घरच्यांनी काय करावं?

सरकारी सीपीआर हॉस्पिटल असो की राजारामपुरीतलं खासगी, घरातली औषधांची पिशवीच वॉर्डात न्या. काढे, मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळीसुद्धा. एकच ॲम्लोडिपिन (बीपीची गोळी) दोन कंपन्यांच्या नावांनी चालू राहिलेलं आमच्या मामांच्या पिशवीत सापडलं होतं!

या वयात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) ‘नॉर्मल’ दिसलं तरी किडनी मंदावलेली असू शकते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि या वयात स्नायू झिजलेले असतात, म्हणून आकडा फसवतो. तेव्हा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) किती, डोस त्यानुसार ठरवलाय का, हे विचाराच. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. जेवले नसतील तर इन्सुलिनआधी सिस्टरना सांगा. झोपेच्या किंवा सर्दीच्या नव्या गोळीनंतर बरळायला लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, लगेच कळवा. डिस्चार्जला बंद केलेल्या गोळ्यांची नावंही लिहून घ्या.