बसून ९७, पण पर्वतीवर धाप

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. २०२१ला कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) स्कोअर २५ पैकी १६ आला होता, नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. आता घरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसतं, पण पर्वतीच्या पायऱ्या निम्म्यातच सोडाव्या लागतात. दरवर्षी सीटी करावा का? आणि श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र अजून चालू ठेवायचं का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : तो १६ आता उगाळत बसू नका. फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला फार तर पाच गुण. त्या दिवशी किती भाग धरला होता एवढंच तो स्कोअर सांगतो. बसून आलेल्या ९७वरही विसंबू नका. दम कमी पडतो तो चालताना.

ते बघायचं तर सपाट पार्किंगमध्ये सहा मिनिटं चालवा, ऑक्सिमीटर बोटालाच ठेवा. बोट गार नको, नखावर मेंदी नको, आणि आकडा स्थिरावल्याशिवाय वाचू नका. चार किंवा जास्त अंकांनी उतरला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ८८ ला आला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबवा. बसूनच ९५च्या खाली असेल तर हा प्रयोग घरी नको.

तपासणीला जाताना नुसतं ‘पीएफटी’ (फुफ्फुसांच्या कामाची चाचणी) म्हणू नका, बऱ्याच ठिकाणी फक्त फुंकून घेतात. ‘डीएलसीओसह’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या. यात श्वास दहा सेकंद रोखायचा असतो आणि फुफ्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ते कळतं. फुंकण्याची चाचणी नॉर्मल येऊनही हा आकडा कमी असू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो खाली येतो, म्हणून तो रिपोर्ट बरोबर न्या. आणि धाप म्हणजे फुफ्फुसच असं नाही. या वयात हृदयासाठी ईसीजी आणि टू-डी एको हवाच.

दरवर्षी सीटीची गरज नाही. डीएलसीओ घसरला किंवा धाप वाढली तरच. तेव्हा २०२१ची सीडी न्या, नुसता कागद नव्हे. जुने डाग तसेच आहेत की पसरलेत, हे चित्रं शेजारी ठेवूनच दिसतं. बाल्कनीत कबुतरं बसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीनेही फुफ्फुसं कडक होतात, आणि दोष मात्र कोविडवर जातो.

एकाएकी दम लागला, एकाच पोटरीला सूज आली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या.

गोळ्यांचं यंत्र आता कपाटात गेलं तरी चालेल, रोजचं चालणं त्याहून जास्त उपयोगी. वापरायचंच असेल तर फुंकायचं नाही, ओढायचं. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा पहिली गोळी दोन-तीन सेकंद वर धरून ठेवणं खरं. यंत्र मात्र उभं धरा. तिरकं केलं की गोळी फुकटच वर जाते.