रिव्हॉल्व्हरसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: वय 47, मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. शेजारच्या विंगमध्ये तीन महिन्यांत दोन घरफोड्या झाल्या. एक दिवाळीत, ते लोक गावी गेले असताना. दुसरी भर दुपारी, घराला कुलूप असताना. जानेवारी 2025 मध्ये वांद्र्याला सैफ अली खान यांच्या घरात शिरून चाकूहल्ला झाला, तेव्हापासून बायकोच्या मनातली भीती जातच नाही. मी ऐरोलीला नोकरी करतो, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. बायको शाळेत शिकवते, मुलगा अकरावीत. वडील 78 वर्षांचे, दुपारी विरंगुळा केंद्रात जातात, रात्री दोन-तीनदा उठतात. परवाना काढून .32 चं रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणतो. दुकानदाराने करासह 1,75,000 सांगितले. तिजोरी, प्रशिक्षण, काडतुसं, धावपळ धरून सव्वादोन लाख. 3,40,000 ची एफडी आहे, ती मोडू का? आणि 'निर्भीक' व 'प्रबल' या दोन देशी रिव्हॉल्व्हरांपैकी निर्भीक हलकं म्हणून ते घ्यावं की प्रबल? सोबत जमाखर्चाचा तक्ता आणि दाराचा फोटो जोडला आहे.

उत्तर: मुलीचं लग्न, गाडी, गावच्या घराचं छप्पर, अशा कारणांसाठी एफडी मोडू का म्हणून विचारणारे पुष्कळ असतात. रिव्हॉल्व्हरसाठी विचारणारे तुम्ही पहिलेच. म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि तुमच्या घराचा आठवडा कागदावर मांडला, कोण किती वाजता कुठे असतं तो.

दुपारी बारा ते चार घराला कुलूप. मे महिन्यात आणि गणपतीत गावी, म्हणजे पुन्हा कुलूप. महिन्यातल्या निम्म्या रात्री तुम्ही ऐरोलीला. शेजारच्या विंगमधल्या दोन्ही घरफोड्या घर बंद असताना झाल्या, हे तुम्हीच लिहिलंय. घरफोड्या करणारा माणूस कुलूप बघूनच जिना चढतो, त्याला घरात कोणी भेटायला नको असतं. त्या वेळी तुमचं रिव्हॉल्व्हर कुठे असेल? कपाटात. म्हणजे चोराच्या पिशवीत जाणाऱ्या वस्तूंत आणखी एक भर, आणि तीही अशी की गेल्यावर नुकसान तर होतंच, शिवाय पोलिसांना ताबडतोब कळवून ती नीट ठेवली होती का याचा जबाब द्यावा लागतो.

आता तुमच्या रात्रपाळीचे आठवडे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. तुम्ही ऐरोलीला असताना वहिनींनी ते शस्त्र हाताळणं कायद्यात बसत नाही, मुलाचा तर प्रश्नच नाही. किल्ली तुमच्यापाशीच हवी. म्हणजे ज्या रात्री वहिनींना सर्वांत जास्त भीती वाटते, नेमक्या त्याच रात्री सव्वादोन लाखांची वस्तू कुलपात आणि किल्ली ऐरोलीत!

उरल्या तुम्ही घरी असता त्या रात्री. तिथे अडचण वेगळी आहे. साडेचारशे फुटांच्या घरात मुलगा आणि वडील असताना शस्त्र तिजोरीत आणि काडतुसं वेगळी ठेवायलाच हवीत. पण तशी ठेवली तर झोपेतून उठून, चष्मा शोधून, तिजोरी उघडून, भरून होईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हाताशी भरलेलं ठेवावं तर अपघाताची टांगती तलवार. अभिनेते गोविंदा यांच्या पायाला 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे, जुहूच्या राहत्या घरात, त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली होती. आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार खटकलं, तुम्ही ते सहज लिहून गेलात: वडील रात्री दोन-तीनदा उठतात. पहाटे तीन वाजता तुमच्या हॉलमध्ये अंधारात कोणी हललं, तर ते कोण असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे?

हे सगळं आर्थिक सल्ल्यात कशाला, असं वाटेल. पण विमा घेताना मी जे विचारते तेच इथे विचारतेय: जोखीम कोणती, आणि ही खरेदी त्या जोखमीला लागू पडते का? तुमच्या घरी पडत नाही. ज्याची पेढी आहे, जो रोज रोकड घेऊन फिरतो, ज्याला खरोखर धमक्या आल्या आहेत, त्याचं उत्तर वेगळं असू शकतं. परवान्याच्या अर्जातही गरज काय ते सांगावं लागतं. मुंबईत हा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, शिवाय प्रशिक्षणाचं आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. 'शेजारच्या विंगमध्ये चोरी झाली' एवढ्यावर परवाना मिळेलच असं धरून दुकानदाराला आगाऊ पैसे मात्र देऊ नका. अर्ज नामंजूर होऊ शकतो.

आता पैशांचं. 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर 40 टक्के जीएसटी आहे, खासगी यॉटच्या पंगतीत. म्हणजे तुमच्या 1,75,000 मधली वस्तू 1,25,000 ची आणि 50,000 निव्वळ कर. त्याच तारखेपासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के कर शून्यावर आला. तुमच्या तक्त्यात आरोग्यविम्यापुढे 'कंपनीचा 3 लाख' एवढंच आहे, आणि वडील त्यात नाहीत. हा विषय तुम्ही विचारलेला नाही, तरी लिहून ठेवते: तुम्ही, वहिनी आणि मुलगा यांची 10 लाखांची स्वतःची पॉलिसी हे या वर्षीचं पहिलं काम. वडिलांना या वयात वेगळी पॉलिसी मिळाली तर महाग पडेल, आणि मिळेलच असंही नाही. म्हणून ती एफडी त्यांचीही आहे असं समजा.

तुमचा घरखर्च कर्जाच्या हप्त्यासकट महिना 68,000. एफडी 3,40,000, म्हणजे बरोबर पाच महिन्यांची शिदोरी. सव्वादोन लाख काढले तर 1,15,000 उरतात. दोन महिनेही निघणार नाहीत. तुमच्या कंपनीत गेल्या वर्षी माणसं कमी केली, हेही तुम्हीच लिहिलंय.

बरं, अडचणीला सोनं मोडता येतं, एफडी मोडता येते. रिव्हॉल्व्हर मोडता येत नाही. विकायचं तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. मालकाच्या पश्चात ते आपसूक बायको-मुलांचं होत नाही. घरच्यांना ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. पुढचं सगळं त्यानंतर.

हे मी जवळून पाहिलंय. माझ्या मामांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भात लोळवायची, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. ती बंदूक डुकरावर चाललेली मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की निवडणूक आली की मामा ती जुन्या धोतरात गुंडाळून एसटीने तालुक्याला जमा करायला निघायचे आणि निकाल लागला की आणायला जायचे. मामी म्हणायची, 'माहेरवाशीण आहे ती, सारखी पोचवायची नि आणायची.' मामा गेले त्या वर्षी दिवसकार्य आटोपून धाकटा मामेभाऊ मुंबईला परतला, थोरला बंदुकीच्या कागदांसाठी मागे थांबला. बँकेची खाती त्याच्या आधी मार्गी लागली. तुम्हालाही निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. 2024 मध्ये मुंबईत लोकसभा आणि विधानसभा मिळून असे दोन हंगाम येऊन गेले.

आणि समजा, गोळी झाडायची वेळ आलीच. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, 34 ते 44 ही कलमं त्याचीच. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली नाही हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो, आणि तो कोर्टात वाहायचा असतो. वकिलाची फी, बुडणाऱ्या पाळ्या, जमा झालेलं शस्त्र. तुमच्या तक्त्यातली एकही पॉलिसी यातला रुपया देणार नाही.

कोणतं घ्यावं, हेही विचारलंय, तर थोडक्यात. शस्त्रांतली मी तज्ज्ञ नाही. दोन्ही कानपूरची, दोन्ही .32 बोअरची (म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात), कारण .38 किंवा 9 मिमी सामान्य परवान्यात बसत नाही. निर्भीक 2014 मध्ये महिलांना डोळ्यांसमोर ठेवून आलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. प्रबल 2023 चं, जरा जड. पण 'हलकं ते बरं' हा हिशेब मोबाइलचा आहे. काडतूस तेच असेल तर शस्त्र जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त, आणि नळी आखूड असली की सराव नसलेल्याचा नेम चुकतो. रिव्हॉल्व्हरचा साधेपणा खरा आहे: एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. मात्र सराव हवाच, आणि वर्षभर रेंजवर जायचा खर्च तुमच्या सव्वादोन लाखांत मला दिसला नाही.

आता तक्त्यातली ती ओळ, जिच्यामुळे मी हे उत्तर एवढं लांबवलं. 'सोनं 22 तोळे, गोदरेजच्या कपाटात.' दहा ग्रॅमला लाखाच्या वर भाव असताना ही ओळ 22 लाखांहून मोठी आहे. तुमच्या एफडीच्या सहापटीपेक्षा जास्त माल एका जुन्या कपाटात, ज्याची किल्ली, माझा अंदाज, साड्यांच्या खणात आहे. चोर येणार तो यासाठी. ते घरात नसेल तर राखायला उरतं काय? टीव्ही!

पहिलं पाऊल लॉकर. छोट्या लॉकरला वर्षाला 4,000 भाडं धरा. इथे एक बारकावा आहे: रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यात लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. म्हणजे 4 लाख. उरलेल्या 18 लाखांचं काय, म्हणून दागिन्यांचा विमा वेगळा घ्यायचा, मान्यताप्राप्त मूल्यांकन करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊन, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून. लॉकरमधल्या दागिन्यांना ते संरक्षण लागू आहे ना, हे पॉलिसीत लेखी बघा. वहिनींच्या रोजच्या वापराच्या बांगड्या आणि मंगळसूत्र घरी राहू दे.

दुसरं, तुमच्या गृहकर्जासोबत बँकेने भारत गृह रक्षा पॉलिसी दिली आहे. तुम्ही तिच्यापुढे 'चोरीही कव्हर' असं लिहिलंय. ते तसं नाही. ती मुळात आग, पूर, भूकंप अशा आपत्तींची पॉलिसी. चोरी तिच्यात येते ती अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. कोणी सरळ कडी-कोयंडा उचकटून घर साफ केलं तर तिच्यातून काही मिळणार नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं. दागिने लॉकरमध्ये गेल्यावर त्याचा हप्ता आवाक्यात येतो, म्हणून क्रम हाच ठेवा: आधी लॉकर, मग विमा.

आणि दार. दाराचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. इमारत 1988 ची, दारही तेव्हाचंच दिसतंय, वरचा कोयंडा दोन स्क्रूंवर लोंबतोय. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, आतल्या दाराला चांगलं लॅच आणि आडणा, डक्टकडच्या बाथरूमच्या खिडकीला ग्रिल. एवढं सगळं त्या 50,000 करात बसावं. तुमचं लक्ष बाल्कनीकडे आहे, पण त्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या हाताने सरकवून काढता येतात. रात्री वहिनींना हवी ती शांत झोप या दाराच्या आडण्याने मिळेल, आणि तो लावायला परवाना लागत नाही.

यासाठीही एफडीला हात लावू नका. मार्चचा बोनस साधारण 60,000 येतो असं लिहिलंय, तो यात जाऊ दे. सोसायटीत जिन्यावर कॅमेरे बसवायचा विषय सर्वसाधारण सभेत मांडा, दोन घरं फुटल्यावर तरी कोणी 'बघू' म्हणणार नाही.

सुतार येईल तेव्हा वडिलांना घरी थांबवा आणि नवीन लॅच त्यांच्याकडून दहा वेळा उघडून-लावून घ्या, आतून आणि बाहेरून. अडकत असेल तर तेव्हाच बदलून मागा. जादाची किल्ली चपलांच्या स्टँडवरच्या कुंडीखाली ठेवू नका. समोरच्या काकूंकडे द्या.