‘इन्सुलिन सुटेल का, ताई?’

मधुमेह झालेल्यांना औषध आणि आहार समजावून सांगणं हे माझं काम. माझ्यासमोर बसलेला माणूस मधुमेहाबद्दल खूप काही विचारतो. त्याचा खरा प्रश्न मात्र उठताना, चपला पायात सरकवताना येतो. ‘एकदा इन्सुलिन चालू झालं की सुटत नाही म्हणतात, खरं का?’ अलीकडे त्याला एक शेपूट जोडलेलं असतं: ‘भाकरी-भात बंद केला, चालायला लागलो, तर सुटेल ना?’

गिरणीवाल्या काकांनी दोन्ही एकदमच विचारले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. गिरणी मात्र खरी आहे, कारण ती काढून टाकली तर गोष्टच उरत नाही.

काका ५६ वर्षांचे. सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात पिठाची गिरणी. साखर निघून १३ वर्षं झालेली. तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू, तरी साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, १०.८, खूपच जास्त. रात्री चार-चारदा लघवीला उठणं, वर्षभरात सहा किलो वजन उतरलेलं. गावात लोक म्हणत होते, ‘बारीक झालात, छान दिसताय.’ मधुमेहात न मागता उतरलेलं वजन पाहिलं की आमच्या पोटात गोळा येतो. शरीराला साखर वापरताच येत नाही, म्हणून ते स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळत असतं. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड इतक्या वर्षांत दमलेलं असतं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लिहून दिलं: सकाळी १८ युनिट, संध्याकाळी १२.

मी अर्धा तास समजावलं. काका ‘हो, हो’ म्हणत राहिले. तीन आठवड्यांनी काकू एकट्याच आल्या. ‘बाटली फ्रीजमध्ये आहे. दाराच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. उघडलीसुद्धा नाही.’

चूक माझी होती. मी इन्सुलिनबद्दल बोलले, काकांना बोलू दिलं नाही. पुढच्या खेपेला फक्त विचारलं, ‘घरात आधी कुणाला टोचलंय का इन्सुलिन?’ मग बाहेर आलं. वडिलांना पायाची जखम झाली, पाय कापावा लागला, त्याच वेळी इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षाच्या आत ते गेले. काकांच्या डोक्यात सुई आली की पाय जातो, पाय गेला की माणूस जातो, असा क्रम पक्का बसला होता. ‘काका, सुई आधी आली की जखम आधी?’ बराच वेळ ते गप्प बसले. ‘जखम. पार काळी पडल्यावर नेलं आम्ही त्यांना.’ याच्यापुढे मी काही बोलले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पहिलं इंजेक्शन घेतलं.

इथवर सगळं नेहमीसारखं. पुढचं नेहमीसारखं नाही.

दोन आठवडे झाले तरी साखर हलेना. उपाशीपोटी २४०, २३५, पुन्हा २४०. काका वैतागले. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर एक तक्ता पाठवला: पोळी, भाकरी, भात, बटाटा सगळं बंद, अंडी, पनीर, पालेभाज्या, शेंगदाणे चालू, रोज पाऊण तास चालणं. काका करायचं ठरवलं की करणारे. सोमवारपासून तक्ता जसाच्या तसा चालू. इन्सुलिनही तेवढंच.

बुधवारी साडेअकराला गिरणीत त्यांचे हात थरथरायला लागले. घामाने बनियन चिंब. एका बाईच्या गव्हात दुसऱ्याची बाजरी ओतली. ती बाई ओरडली, ‘सकाळी सकाळी प्यायलात का?’ ज्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नाही, त्याला हे चार गिऱ्हाइकांदेखत. शेजारच्या टपरीवाल्याची आई मधुमेही, त्यामुळे त्याला कळलं. त्याने साखर विरघळवून पाणी पाजलं, मागून गोड चहा. घरी नेऊन यंत्रावर पाहिलं, तेव्हा चहा पोटात जाऊनही आकडा ५४ होता.

दुसऱ्या दिवशी काका-काकू माझ्यासमोर. काका म्हणत होते, सुईनेच केलं. काकू म्हणत होत्या, त्या तक्त्याने. मुलगी फोनवर सांगत होती, बाबा नीट खात नाहीत. मी मात्र आकड्यांकडे बघत होते. दोन आठवडे २४० आणि अचानक ५४? भाकरी थांबली, चालणं वाढलं, साखर उतरणार हे कबूल. पण एवढी?

मी म्हटलं, ‘काका, सगळं सामान काढून टेबलावर ठेवा.’ बाटली निघाली, पाहिलेलीच होती. सिरिंजची दोन पाकिटं निघाली. संपत आलेल्या पाकिटातल्या टोपीचा रंग केशरी, नव्या पाकिटातल्या टोपीचा लाल.

ज्यांच्या घरात बाटलीतून इन्सुलिन घेतात त्यांनी पुढचं दोनदा वाचावं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत प्रत्येक मिलीलिटरमध्ये ४० युनिट, दुसरीत १००. सिरिंजही दोन: ४०च्या बाटलीला लाल टोपीची, १००च्या बाटलीला केशरी टोपीची. काकांची बाटली ४०ची. पहिल्यांदा औषधाच्या दुकानातून सिरिंज आली ती केशरी टोपीची. तिच्यावर १८ची रेघ म्हणजे ०.१८ मिलीलिटर, आणि ४०च्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे जेमतेम ७ युनिट. दोन आठवडे काका १८ समजून ७ घेत होते. साखर हलणार कशी? सोमवारी नवं पाकीट आलं, ते योगायोगाने लाल टोपीचं. म्हणजे एकाच सोमवारी इन्सुलिन ७वरून १८वर गेलं, ताटातली भाकरी गेली आणि पाऊण तासाचं चालणं आलं. उलटी चूक आणखी भयंकर. १००ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज असं झालं तर १८च्या रेघेला ४५ युनिट जातात.

पहिल्या दिवशी मी बाटली पाहिली होती, सिरिंज पाहिली नव्हती. तेव्हापासून माझ्या टेबलावरून कुणी टोपीचा रंग दाखवल्याशिवाय उठत नाही. इन्सुलिन पेनमध्ये हा गोंधळ टळतो, पण पेन सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही, म्हणून बाटली आणि सिरिंज अजून बराच काळ राहणार.

काकांना सुईची दहशत पुन्हा बसली होती. ती घालवली त्यांनी स्वतःच. मी विचारलं, ‘चक्की चालू आहे आणि वरून दाणा पडायचा थांबला, तर काय होतं?’ ‘दगडावर दगड घासतो. ठिणग्या उडतात. दगडाला मारलेली टाकी जाते.’ आणि बोलता बोलता थांबले. ‘म्हणजे बुधवारी माझं तेच झालं.’ त्यांचं इन्सुलिन मिश्र जातीचं होतं: ३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के सावकाश. सकाळी आठला टोचलेलं दुपारपर्यंत दळत राहतं. दाणा आला नाही तरी ते थांबत नाही.

इन्सुलिन, जेवण आणि चालणं यांतलं एक बदललं की उरलेल्या दोघांना सांगावं लागतं, आणि सांगायचं डॉक्टरांमार्फत. कमी पिठाचं जेवण वाईट नाही. खरं तर टाइप २ मधुमेहात, म्हणजे काकांना आहे तशा, ते चांगलं काम करतं, आणि म्हणूनच त्याआधी इन्सुलिनचा डोस कमी करावा लागतो. गोळ्यांचंही तसंच. काकांच्या तीनपैकी एक ग्लिमेपिराइड होती. तीही साखर खाली ओढते. दुसरीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ होतं. या जातीच्या गोळ्या घेत पीठ एकदम तोडलं, तर कधी कधी साखरेचा आकडा फारसा न वाढताही रक्तात आम्ल साठतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं सुरू होतं. डॉक्टरांनी या दोन्ही थांबवल्या, मेटफॉर्मिन ठेवली, इन्सुलिन घटवलं. तक्ता पाठवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. ठाऊक असणारही नाही, त्याने तुमचं औषध पाहिलेलंच नसतं.

मग जेवणाकडे वळलो, आणि इथे गिरणीवाला माणूस भेटल्याची मजा आली. ‘ताई, मी ज्वारीच खातो, गहू नाही,’ असं प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ७० ग्रॅम पिष्ट, म्हणजे पचून साखर होणारा भाग, असतं, गव्हाच्याही जवळपास तेवढंच. ज्वारी चालते म्हणून दीड पोळीच्या जागी दोन थोराड भाकऱ्या आल्या, तर साखरेला काय कळणार? मी म्हटलं, ‘तराजू तुमचाच आहे, एका भाकरीचं पीठ मोजून आणा.’ आणलं. ७० ग्रॅम. दोन भाकऱ्या म्हणजे एका वेळेला १०० ग्रॅमच्या आसपास पिष्ट, वर भात वेगळा. काका स्वतःच चाट पडले. ‘सगळ्या गावाला मापून देतो आणि स्वतःचं कधी मापलं नाही.’

भाकरी बंद करायची नाही, निम्म्या पिठाची करायची, असं ठरलं. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे चानकी. नातवाला करते तसली.’ दुपारी एक चानकी, रात्री एक, भात रविवारी मटणाबरोबर चार घास. उरलेली भूक मटकीची उसळ, अंडी, मेथी-शेपू-चाकवत, ताक, दाण्याची चटणी यांनी भागवायची. पिठलं मोजून, कारण बेसनही पीठच. पहिला आठवडा काका चिडचिडे होते, दुसऱ्या आठवड्यात भूक शांत झाली. घरातल्या सगळ्यांनी तेच खाल्लं हे मी महत्त्वाचं मानते. एका माणसाच्या ताटात शिक्षा वाढायची आणि बाकीच्यांनी भाताचा डोंगर फोडायचा, अशा घरात कुठलाच आहार टिकत नाही.

एकादशीचा प्रश्न निघालाच. काका पंढरीच्या वाटेवरचे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर, बटाटा, रताळं त्याच गोतावळ्यातले. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण कुणी मधुमेह तपासणाऱ्यानेच केली असावी असं मला वाटतं. आणि खरा कडक उपास केला तर भरलेलं इन्सुलिन रिकाम्या पोटी दळत बसणार. म्हणून आदल्या दिवशी फोन करायचा, एवढाच नियम ठेवला.

व्यायामाबद्दल त्यांचं म्हणणं, ‘दिवसभर उभाच असतो की.’ उभं राहणं आणि चालणं वेगळं. चालताना पायाचे मोठे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्याचा परिणाम पुढे कित्येक तास टिकतो. कधी कधी संध्याकाळच्या दमणुकीनंतर पहाटे साखर उतरते ती यामुळेच. पाऊण तास एकदम चालण्याऐवजी दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं ठरली. गिरणीत अनवाणी फिरणं मात्र बंद. तळव्यांना मुंग्या येत होत्या. अशा पायाला खिळा टोचला तरी कळत नाही. डोळ्यांचे पडदेही तपासून घेतले.

साखर उतरली तर काय करायचं, ते काकूंनी गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहिलं. आकडा ७०च्या खाली, किंवा घाम-थरथर-भूक: तीन चमचे साखर पाण्यात, लगेच. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, नाही चढली तर पुन्हा तेवढीच. चढली की थोडं खायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. गावातले लोक पीठ घेता घेता ते वाचतात.

आठ महिन्यांनी एचबीएवनसी ७.१ आलं. गेलेल्या सहापैकी तीन किलो परत आले, आणि ते आल्याचा आम्हाला आनंद झाला. दिवसाची दोन इंजेक्शनं जाऊन रात्रीचं एकच उरलं, १० युनिटचं. काका दर खेपेला विचारतात, ‘सुटेल का?’ मी खोटं सांगत नाही. टाइप २मध्ये काहींचं सुटतं. विशेषतः निदान नवं असेल, वजन जास्त असेल आणि ते उतरवता आलं तर. १३ वर्षांनी, वजन आपोआप गळत असताना सुरू झालेलं इन्सुलिन पूर्ण सुटणं अवघड. १० युनिटवर माणूस ठणठणीत राहत असेल तर मला ते हरणं वाटत नाही. काकांना अजून थोडं वाटतं.

एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करत नाही. मागे एक आई टाइप १ असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. कुणीतरी सांगितलं होतं, धान्य पूर्ण तोडा, सुई लागणार नाही. १९२१मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, त्याआधी अशा मुलांवर हाच उपाय होता: पिष्ट जवळजवळ बंद, अन्न कमी कमी करत जाणं. मुलं थोडी जास्त जगायची आणि हाडांचे सापळे होऊन जायची. १९२२च्या जानेवारीत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. टाइप १मध्ये शरीर इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही, तिथे आहार कितीही काटेकोर असो, सुईची जागा घेऊ शकत नाही. त्या आईला मी हे तीनदा सांगितलं, आणि डॉक्टरांना सांगायला लावलं.

गेल्या महिन्यात काका ठरल्या तारखेच्या आधीच आले. बरोबर त्यांच्या वयाचा एक माणूस, हातात औषधांची पिशवी, चेहरा उतरलेला. गिऱ्हाईक असावं. मी खुर्ची पुढे केली, पण काकांनी त्याला बसूही दिलं नाही.

‘आधी पिशवी उघड,’ ते म्हणाले, ‘टोपी कुठल्या रंगाची दिलीय ते ताईंना दाखव.’