वाचनालयाच्या स्वयंसेवकांचा पहिलाच सत्कार ठेवताय?

ताई, तारीख १५ ऑक्टोबर धरा. कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. वाचनालयात त्या दिवशी काहीतरी असतंच. (१२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन, तो ग्रंथपालांनाच राहू द्या.)

नवखे इथे चुकतात:

- पाहुणे तासभर बोलतात आणि स्वयंसेवकांची नावं शेवटी घाईत उरकतात. आधी सत्कार, मग भाषण.
- नुसतं ‘मोलाचं सहकार्य’ म्हणू नका. फाटकी पुस्तकं कोणी शिवली, दिवाळी अंकांना कव्हरं कोणी घातली, आजारी आजोबांना घरी मासिकं कोण पोचवतं, ते नेमकं सांगा. यादी करताना रोजच्या वाचकांनाही विचारा. गुपचूप राबणारे त्यांनाच ठाऊक असतात.

शाल-श्रीफळ नसलं तरी चालेल. आमच्याकडे एकदा सत्कारमूर्तींनीच शेवटी खुर्च्या उचलल्या. तेवढं टाळा!