वेताळाचा रंग बदला, अंगठीला हात लावू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुन्या काळातला एक मुखवट्यातला नायक अ‍ॅनिमेटेड मालिकेसाठी आजच्या काळात आणायचाय. मसुद्यात तुम्ही त्याला ड्रोन दिलेत, हॅकर मैत्रीण दिली, सूट चकचकीत केला, आणि तरी ज्यांनी वाचलं ते म्हणतात, "हा तो वाटत नाही." मग बदलायचं काय आणि ठेवायचं काय?

स्टोरीबोर्डच्या, म्हणजे प्रसंग आधी चित्रांत मांडण्याच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: नायकाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी त्याचा शत्रू आणि त्याचं गाव बदलायचं. उदाहरणाला बॅटमॅन घेता आला असता, पण आपल्या घरातलाच माणूस घेतो. वेताळ, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला मुखवटेवाला 'फँटम'.

त्याच्या गोष्टी आपल्याकडे छापणारं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि पहिले ३२ अंक सगळे वेताळाचेच होते. मूळ फँटम त्याहून जुना. लेखक ली फॉकनं तो १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात आणला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. आता त्याच्या रंगाची गंमत बघा. वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी काळी-पांढरी. फॉकच्या मनात करडा पोशाख होता, पण १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली आणि छापखान्यातून तो जांभळा होऊन बाहेर पडला. इटलीत तो लाल, स्वीडनमध्ये निळा. इंद्रजालमध्ये आधी निळा, मग जांभळा. आमच्या घरच्या गठ्ठ्यात दोन्ही वेताळ एकमेकांना चिकटून असायचे आणि आम्हा भावंडांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा सूटवर तुम्ही जी चार पानं खर्ची घातली आहेत, ती खुशाल काढून टाका.

आणखी एक. मूळ गोष्टीतला देश 'बंगाला', आणि समुद्री चाचे 'सिंग' नावाचे. आपल्याकडे ही नावं फारच ओळखीची वाटली असती. म्हणून इंद्रजालवाल्यांनी देशाचं 'डेंकाली' केलं आणि चाच्यांचं 'सिंगा'. गाव बदललं, शत्रू बदलला, नायक तसाच राहिला. वाचकांनी तक्रार केली नाही.

मग त्याच्यात न बदलण्यासारखं काय आहे? अलौकिक शक्ती तर त्याच्याकडे एकही नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यात बाप मारला गेला, पोरानं खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. जंगलाला वाटतं माणूस एकच आहे आणि तो मरत नाही. कवटीची अंगठी, गुहेतल्या रोजनिशा आणि ही अफवा, बस्स. त्यातली अफवा हे त्याचं खरं शस्त्र.

हे ज्यांना उमगलं नाही त्यांनी काय केलं? १९८६ च्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' मालिकेत फ्लॅश गॉर्डन, मँड्रेक, लोथार या जुन्या कॉमिक्समधल्या नायकांबरोबर वेताळाला २०१५ सालात, म्हणजे तेव्हाच्या भविष्यात, नेऊन बसवलं. 'वेताळाच्या अंगी दहा वाघांचं बळ' ही जंगलातली जुनी म्हण त्यांनी अक्षरशः घेतली. तो मंत्र म्हणतो आणि खरोखरच त्याच्या अंगात दहा वाघांचं बळ येतं! लहान मुलांना मजा आली असेल, नाही म्हणत नाही. पण अफवा खरी केली की शस्त्र बोथट झालं. ज्याच्या अंगात खरंच दहा वाघ आहेत, त्याला अंधारात उभं राहून लोकांना घाबरवायची गरजच काय?

उलट १९९४ ची अ‍ॅनिमेटेड मालिका 'फँटम २०४०' बघा. ३५ भाग, पात्रांचं रेखाटन अ‍ॅनिमेटर पीटर चुंगचं, लांबच लांब हातपाय आणि काटकुळ्या आकृत्या. इथला नायक चोविसावा वेताळ, कॉलेजात शिकणारा पोरगा. वंशपरंपरा मूळ कल्पनेतच असल्यामुळे उगम नव्यानं लिहावा लागला नाही. पुढची पिढी उभी केली आणि काम झालं. गाव मात्र संपूर्ण बदललं. जंगल उरलेलंच नाही, मेट्रोपिया नावाचं अवाढव्य शहर आहे, आणि त्या शहराच्या पोटात, उजेड पोचत नाही तिथे, एक भुताटकीचं जंगल आपोआप वाढलंय. जंगलाचा राजा जंगलातच राहिला, फक्त जंगल तळघरात गेलं! इतकी नेमकी कल्पना मी फार कमी वेळा पाहिली आहे.

शत्रूही तसाच. चाच्यांच्या जागी मॅक्झिमम नावाची कंपनी आणि तिची मालकीण रिबेका मॅडिसन. तिला मेलेला नवरा यंत्रमानवाच्या शरीरात परत आणायचाय, आणि जग बुडालं तरी मोजक्या श्रीमंतांना सुरक्षित राहता येईल असं शहर उभारायचंय. एक हेतू खाजगी, एक सार्वजनिक. तिच्याकडे बघितल्यावर हा काळ कोणता ते सांगायला नायकाच्या मनगटावर गॅझेट लागत नाही.

बॅटमॅनच्या १९९२ च्या मालिकेनं मिस्टर फ्रीझचं हेच केलं. १९५९ मध्ये 'मिस्टर झीरो' म्हणून आलेला, बर्फाची बंदूक घेतलेला हा चिल्लर चोर. लेखक पॉल डिनीनं त्याला गोठवून ठेवलेली आजारी बायको दिली, आणि वीस-बावीस मिनिटांत त्याची शोकांतिका झाली. बॅटमॅन होता तसाच. त्याच मालिकेत पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवायचे, शहरावर पोलिसांची हवाई जहाजं तरंगायची आणि घरोघरी टीव्ही काळे-पांढरे. साल कुठलं ते कळूच दिलं नाही, म्हणून ती आजही शिळी वाटत नाही. तुमचे ड्रोन चार वर्षांत शिळे होतील.

आता डोळ्यांबद्दल, कारण तुमच्या स्केचमध्ये बुबुळं दिसली. वेताळाच्या मुखवट्यामागे बुबुळं नसतात. फॉकला ते ग्रीक पुतळ्यांवरून सुचलं होतं. अ‍ॅनिमेशनमध्ये ही अडचण वाटते, पण तोच फायदा आहे. भाव दाखवायला पांढऱ्या फटीचा आकार लहान-मोठा करता येतो. आणि नजर कुठे आहे हे डोळ्यांवरून कळत नसल्यामुळे दर वेळी मान वळवावी लागते. मान वळली की खांदा वळतो, आणि माणूस सावध, जडशीळ वाटायला लागतो. एका कामात निर्मात्यांनी आग्रह धरला होता की आमच्या मुखवटेवाल्याला बुबुळं द्या, मुलांना जवळचा वाटेल. दिली. पहिल्याच चाचणी-फ्रेममध्ये तो शाळेच्या गॅदरिंगमधला मुलगा दिसायला लागला. तीन आठवडे वाया गेले आणि बुबुळं पुसली ती पुसलीच.

एक अवघड गाठ मात्र राहते. आफ्रिकेच्या जंगलात गोरा माणूस आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारे बुटके आदिवासी, हे चित्र आज जसंच्या तसं दाखवता येणार नाही, दाखवूही नये. फॉकनंच पुढे बंगालाला लोकांनी निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष दिला, लामांडा लुआगा. २०४० वाल्यांनी गोष्ट शहरात नेऊन प्रश्नच टाळला. हुशारी आहे, पण पळवाटच. तुमच्या नायकाच्या जुन्या गोष्टींतही असं काही असणारच. ते झाकू नका. त्यावर एखादं पात्र बोलेल अशी सोय करा, आणि ते पात्र नायकाहून शहाणं असू द्या.

तुमची हॅकर मैत्रीण मला आवडली, तिला ठेवा. पण ती सध्या फक्त दारं उघडून देते. तिला नायकाची अफवा खोटी असल्याचं माहीत आहे असं करून बघा, म्हणजे तिच्या प्रत्येक प्रसंगात ताण येईल. आणि पहिल्या भागाची पहिली पाच मिनिटं नायकाशिवाय लिहा, नुसतं गाव आणि शत्रू. लोक त्याच्याबद्दल काय कुजबुजतात तेवढंच ऐकू येऊ द्या. लिहून झालं की इथेच टाका, सूटच्या चित्रांशिवाय.